पांढऱ्या बिअरचा इतिहास : हूगार्डन गावातील खंडित परंपरा आणि तिचे पुनरुज्जीवन

सारांश :
बेल्जियममधील हूगार्डन या लहानशा गावात मोड न आणलेल्या गव्हापासून तयार होणारी 'पांढरी बिअर' ही विसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्णपणे बंद पडली आणि १९६६ मध्ये एका दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. आज जगभर 'बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर' म्हणून जे पेय ओळखले जाते त्याचे मूळ या पुनरुज्जीवनात आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या पेयाचा धान्य, करव्यवस्था, तंत्र आणि मालकी या चार अंगांनी ऐतिहासिक आढावा घेतला असून, परंपरा खंडित झाल्यानंतर पुन्हा उभी राहते तेव्हा तिला 'तीच परंपरा' म्हणावे काय, या प्रश्नाची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : पांढरी बिअर, हूगार्डन, ग्रूट, अबकारी कर, पिएर सेलिस, परंपरेचे पुनरुज्जीवन

१. प्रस्तावना

इतिहासलेखनात दीर्घकाळ राजे, लढाया आणि तह यांना जे स्थान मिळाले ते अन्न आणि पेये यांना मिळाले नाही. फ्रान्समधील 'अनाल' परंपरेच्या इतिहासकारांनी दैनंदिन जीवनाकडे लक्ष वेधल्यानंतर भाकरी, मीठ, साखर, मद्य अशा वस्तूंचा इतिहास हा समाजाच्या आर्थिक व सांस्कृतिक इतिहासाचा भाग मानला जाऊ लागला. मराठीत मात्र मद्याविषयीचे लेखन प्रामुख्याने दारूबंदी, व्यसनमुक्ती आणि अबकारी महसूल यांच्या मर्यादेत राहिले. त्यामागील सामाजिक कारणे समजण्यासारखी आहेत. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या परिसरात आहेत आणि त्यांचे दुःख कोणत्याही अभ्यासाने हलके होत नाही. तथापि एखाद्या पेयाचा इतिहास लिहिणे म्हणजे त्याच्या सेवनाचा पुरस्कार करणे नव्हे, ही भूमिका आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

प्रस्तुत विषयाची निवड करण्यामागे एक विशिष्ट कारण आहे. हूगार्डन बिअरच्या वेष्टनावर '१४४५' हे वर्ष ठळकपणे छापलेले असते. ते पाहणाऱ्याची अशी समजूत होते की, पंधराव्या शतकापासून आजतागायत हे पेय अखंडपणे तयार होत आले आहे. प्रत्यक्षात १९५० च्या दशकात गावातील शेवटची भट्टी बंद पडली होती आणि सुमारे एक दशक या गावात हे पेय कोणीही तयार करीत नव्हते. वेष्टनावरील वर्ष आणि प्रत्यक्ष इतिहास यांच्यामधील ही जी फट आहे, तिच्यातच या निबंधाचा मुख्य प्रश्न दडलेला आहे.

२. नाव आणि धान्य

फ्लेमिश भाषेत या पेयास 'विटबिर' आणि फ्रेंचमध्ये 'बिएर ब्लांश' म्हणतात. दोन्हींचा अर्थ पांढरी बिअर असाच आहे. प्रत्यक्षात तिचा रंग दुधासारखा नसून फिकट गवती पिवळा असतो. परंतु ती गढूळ असल्याने तिच्यावर पांढुरकी झाक दिसते व फेसही शुभ्र असतो. जर्मानिक भाषांमध्ये 'पांढरा' आणि 'गहू' या अर्थाचे शब्द एकाच मुळापासून आलेले आहेत, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यामुळे 'पांढरी बिअर' आणि 'गव्हाची बिअर' ही नावे परस्परांत सहज मिसळली.

सामान्यतः बिअर ही जवापासून (सातूपासून) तयार होते. जव भिजवून त्याला मोड आणतात व नंतर ते वाळवतात. या मोड आणून वाळवलेल्या धान्यास 'माल्ट' म्हणतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व तयार करतात, त्यामागेही हीच जैविक क्रिया आहे. मोड येताना धान्यात असे घटक निर्माण होतात की, जे पुढे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. गव्हाच्या बिअरचे युरोपात दोन प्रमुख प्रकार आढळतात. दक्षिण जर्मनीतील बव्हेरियात मोड आणलेला गहू वापरतात; तेथे १५१६ च्या प्रसिद्ध नियमाने घटकांवर निर्बंध घातले आणि मसाल्यांना स्थान उरले नाही. बेल्जियमच्या ब्राबांट प्रदेशात मात्र मोड न आणलेला कच्चा गहू वापरण्याची पद्धत रूढ झाली. त्याच्या जोडीला जवाचे माल्ट आणि थोडे ओट हे धान्य असे. कच्च्या गव्हातील प्रथिने व पिष्ट यांच्यामुळेच या पेयाला त्याचे वैशिष्ट्यपूर्ण गढूळपण प्राप्त होते.

३. गाव, धर्मपीठ आणि कर

हूगार्डन हे गाव आजच्या फ्लेमिश ब्राबांट प्रांतात, टीनन शहराजवळ वसलेले आहे. सभोवतालचा प्रदेश सुपीक असून तेथे गहू चांगला पिकतो. परंतु केवळ सुपीक जमीन हे या गावातील मद्यनिर्मितीच्या भरभराटीचे पुरेसे स्पष्टीकरण ठरत नाही. कारण अशी जमीन आसपासच्या अनेक गावांकडेही होती. खरे कारण राजकीय भूगोलात शोधावे लागते. मध्ययुगापासून हूगार्डन हे लिएजच्या बिशपच्या सत्तेखाली होते, तर त्याच्या भोवतीचा मुलूख ब्राबांटच्या ड्यूकचा होता. म्हणजेच हे गाव परक्या प्रदेशाने वेढलेले एक बेट होते. ब्राबांटचे कर तेथे लागू होत नसत. त्यामुळे येथील भट्टीमालकांना आपला माल तुलनेने स्वस्तात विकता येई.

लिएजच्या धर्मपीठाचा आणि मद्यनिर्मितीचा संबंध त्याहूनही जुना आहे. हॉप्स या वनस्पतीच्या फुलांचा वापर सार्वत्रिक होण्यापूर्वी बिअरमध्ये 'ग्रूट' नावाचे वनस्पतींचे मिश्रण घातले जात असे. हे मिश्रण विकण्याचा हक्क राजसत्तेकडे असे व ती तो धर्मपीठांना किंवा सरदारांना बहाल करीत असे. सम्राट दुसरा ओटो याने ९७४ मध्ये लिएजच्या धर्मपीठाला फॉस या ठिकाणचा असा हक्क दिल्याची नोंद आढळते. ग्रूटचा हक्क हा वस्तुतः कराचाच एक प्रकार होता. मिश्रण विकत घेतल्याशिवाय बिअर करता येत नसे, म्हणून मिश्रणाची किंमत हीच कराची रक्कम ठरे. आपल्याकडील मिठावरील कराशी याचे साम्य सहज लक्षात येते.

सोळाव्या शतकात हूगार्डनमधील भट्टीमालक श्रेणीच्या रूपाने संघटित झाले होते आणि अठराव्या शतकात या छोट्या गावात तीसहून अधिक भट्ट्या चालू होत्या. १७९५ मध्ये फ्रान्सने हा प्रदेश आपल्या राज्यास जोडला. लिएजच्या बिशपची राजकीय सत्ता संपुष्टात आली, श्रेणी बरखास्त झाल्या आणि सीमेमुळे मिळणारा करातील लाभही नाहीसा झाला. हूगार्डनच्या ऱ्हासाची चर्चा करताना विसाव्या शतकातील घटनांवर भर दिला जातो. परंतु त्याची पहिली पायरी या राजकीय बदलात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

४. धणे आणि संत्र्याची साल : एका समजुतीची तपासणी

आजच्या पांढऱ्या बिअरमध्ये भरडलेले धणे आणि कडू संत्र्याची वाळलेली साल हे दोन घटक आवश्यक मानले जातात. यासंबंधी सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी : डच व्यापाऱ्यांची जहाजे दूरदेशांहून मसाले घेऊन येत आणि त्यातूनच हे घटक हूगार्डनच्या भट्ट्यांत पोहोचले. ही कथा आकर्षक असली, तरी तिची तपासणी करणे आवश्यक आहे.

धण्यांच्या बाबतीत ती टिकत नाही. कोथिंबिरीचे झाड भूमध्य समुद्राच्या परिसरात प्राचीन काळापासून परिचित आहे. ग्रीसमधील मायसिनी काळातील मातीच्या लेखपट्टिकांवर धण्यांचा उल्लेख आढळतो. शार्लमेनच्या काळात, म्हणजे इसवी सन ८०० च्या सुमारास, राजाच्या शेतांवर कोणत्या वनस्पती लावाव्यात याची जी यादी करण्यात आली, तिच्यातही कोथिंबिरीचा समावेश आहे. याचा अर्थ, युरोपातील भट्टीवाल्याला धण्यांसाठी पूर्वेकडील जहाजाची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

संत्र्याच्या सालीची गोष्ट थोडी वेगळी आहे. कडू संत्रे मूळचे आशियातील. संस्कृत 'नारङ्ग' हा शब्द फारसी व अरबीतून प्रवास करीत स्पॅनिशमध्ये 'नारांहा' झाला, यावरूनच या फळाचा मार्ग कळून येतो. अरबांनी ते भूमध्य सागराच्या किनाऱ्यावर आणले, स्पॅनिशांनी कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावर नेले आणि १६३४ मध्ये डचांनी ते बेट जिंकले. त्या बेटाच्या कोरड्या हवेत हे फळ खाण्यास निरुपयोगी, पण सालीने अत्यंत सुगंधी असे झाले. कडू संत्र्याच्या सालीला व्यापारात आजही 'कुरासाव' म्हणतात. म्हणजे साल आणि डच व्यापार यांचा संबंध खरा आहे. मात्र ब्राबांटला पूर्वेकडील माल त्याही आधीपासून माहीत होता. पोर्तुगीजांनी १५०१ पासून आपले मसाले ॲन्टवर्पच्या बाजारात आणण्यास प्रारंभ केला. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात आल्यानंतर हा व्यापार अधिक वाढला. ॲन्टवर्प हे ब्राबांटचेच बंदर होते. म्हणून या पेयातील मसाल्यांचे श्रेय केवळ डच जहाजांना देणे हे इतिहासाचे सुलभीकरण ठरते.

५. एकोणिसाव्या शतकातील तंत्र

या पेयाच्या जुन्या कृतीची माहिती देणाऱ्या ग्रंथांत लाकाम्ब्र याचा १८५१ मध्ये ब्रुसेल्स येथे प्रकाशित झालेला बिअरनिर्मितीवरील ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. लूव्हेन आणि हूगार्डन येथील पांढऱ्या बिअरची दखल त्यात घेतलेली आहे. त्या काळच्या तंत्रातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे धान्य भिजविण्याची पद्धत होय.

भरडलेले धान्य गरम पाण्यात कालवून जो घट्ट रांधा तयार होतो, त्यातून गोड द्रव वेगळा करणे ही बिअरनिर्मितीतील पहिली महत्त्वाची पायरी असते. कच्च्या गव्हाचे प्रमाण अधिक असल्यास हा रांधा चिकट होतो आणि पाणी खाली झिरपत नाही. यावर उपाय म्हणून वेताच्या उंच टोपल्या त्या रांध्यात वरून दाबून बसवीत. टोपलीच्या विणीतून द्रव आत येई व तो पळ्यांनी उपसून काढीत. सुरुवातीला निघणाऱ्या या गढूळ, पिष्टयुक्त द्रवाला स्वतंत्रपणे उकळी देत. हे काम अत्यंत कष्टाचे होते आणि हाताच्या अंदाजावर अवलंबून होते.

येथेही करव्यवस्थेचा प्रभाव दिसतो. १८२२ च्या अबकारी कायद्याने कर हा धान्याच्या वजनावर किंवा तयार मालावर न आकारता, धान्य भिजविण्याच्या पिंपाच्या आकारमानावर आकारण्यात आला. साहजिकच भट्टीमालक एकाच पिंपात शक्य तितके धान्य ठासून भरू लागले. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाल्यानंतरही ही पद्धत चालू राहिली आणि १८८५ मध्ये धान्याच्या वजनावर कर भरण्याची मुभा मिळाली. पेयाची चव ही केवळ कारागिराच्या आवडीने ठरत नाही, तिच्यात महसूल खात्याचाही वाटा असतो, असे यावरून म्हणता येते.

त्या काळची पांढरी बिअर ताजीच प्यावी लागे. ती लवकर आंबट होई व दूर पाठविण्याजोगी टिकत नसे. त्यामुळे तिचा बाजार जवळपासच्या गावांपुरता मर्यादित राहिला. हीच मर्यादा पुढे तिच्या ऱ्हासाचे एक कारण ठरली.

६. ऱ्हासाची कारणे

१८४२ मध्ये बोहेमियातील पिल्झेन शहरात फिकट सोनेरी, पारदर्शक आणि टिकाऊ अशी नवी बिअर प्रथम तयार झाली. काचेचे पेले, रेल्वे आणि यांत्रिक शीतकरण यांच्या साहाय्याने तिने अल्पावधीत युरोप व्यापला. हूगार्डनपासून जवळच असलेल्या लूव्हेन शहरातील आर्त्वा ही जुनी भट्टी याच प्रकाराकडे वळली आणि १९२६ मध्ये तिने 'स्टेला' या नावाने आपले पेय बाजारात आणले. पारदर्शकता हे आधुनिकतेचे लक्षण ठरल्यावर गढूळ पेय गावंढळ वाटू लागले.

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियममधील भट्ट्यांतील तांब्याची भांडी युद्धसाहित्यासाठी जप्त केली. १९०० च्या सुमारास बेल्जियममध्ये तीन हजारांहून अधिक भट्ट्या होत्या. १९२० मध्ये त्यांची संख्या सुमारे दोन हजारांवर आली. युद्धानंतर १९१९ मध्ये समाजवादी नेते व न्यायमंत्री एमिल व्हान्डरवेल्ड यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने सार्वजनिक पेयगृहांत कडक मद्य विकण्यास बंदी केली. कामगारांचे संसार वाचावेत हा त्यामागील हेतू होता. या कायद्यामुळे अधिक मद्यांश असलेल्या बिअरना मागणी वाढली. सौम्य आणि आंबूस अशा पांढऱ्या बिअरला त्याचा काहीही लाभ झाला नाही. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला.

गावातील टॉमसिन ही शेवटची भट्टी १९५० च्या दशकात बंद पडली. तिच्याबरोबर त्या गावातील एक व्यवसाय संपला. आणि जे ज्ञान कोणत्याही ग्रंथात पूर्णपणे उतरलेले नव्हते, ते आता काही वृद्ध माणसांच्या स्मरणात तेवढे शिल्लक राहिले.

७. पिएर सेलिस आणि पुनरुज्जीवन

पिएर सेलिस (१९२५–२०११) हे हूगार्डनमध्ये दूध विकण्याचा व्यवसाय करीत. तरुणपणी त्यांनी शेजारच्या टॉमसिन भट्टीत हाताखाली काम केले होते. जुनी बिअर मिळत नाही, अशी हळहळ गावातील मंडळी व्यक्त करीत असत. त्यातून सेलिस यांनी आठवणीच्या आधारे ती पुन्हा तयार करण्याचे ठरविले. घराशेजारच्या गोठ्यात प्रयोग झाले आणि १९६६ मध्ये त्यांची बिअर विक्रीस आली. तिला त्यांनी 'जुनी हूगार्डन बिअर' या अर्थाचे नाव दिले. भट्टीचे नाव पुढे 'डे क्लाउस' असे झाले. त्याचा अर्थ मठातील एकांतकोठी. गावात मध्ययुगात मठवासी बिअर करीत, या स्मृतीशी ते जोडलेले होते.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने नोंदविली पाहिजे. सेलिस हे प्रशिक्षित तंत्रज्ञ नव्हते, तसेच ते भट्टीमालकांच्या घराण्यातीलही नव्हते. त्यांच्याजवळ होती ती तरुणपणातील कामाची आठवण आणि जिभेवरील चवीची स्मृती. त्यांनी केलेले पेय जुन्या पेयाची हुबेहूब प्रतिकृती होते, असे म्हणता येणार नाही. वेताच्या टोपल्या आणि लाकडी पिंपे यांचा काळ मागे पडला होता. जुन्या पेयाचा आंबटपणा कमी होऊन धणे व संत्र्याची साल यांचा गंध पुढे आला. आज जगभर ज्या चवीला 'पारंपरिक' म्हटले जाते, ती मुख्यत्वे १९६६ नंतरची आहे.

१९७० च्या दशकात तरुण पिढीला हे पेय आवडू लागले. इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) यांनी १९७७ मधील जागतिक बिअरविषयक ग्रंथातून आणि १९९१ मधील बेल्जियन बिअरवरील पुस्तकातून या देशातील पेयांची ओळख इंग्रजी वाचकांना करून दिली. गावातील भट्टी वाढत गेली, जुन्या सरबत कारखान्याच्या इमारतीत तिचा विस्तार झाला. आणि १९८५ मध्ये तिला मोठी आग लागली.

८. मालकीचा प्रश्न

विम्याची रक्कम नुकसानीच्या मानाने अपुरी होती. पुनर्बांधणीसाठी लूव्हेनच्या आर्त्वा कंपनीने भांडवल दिले आणि त्या बदल्यात हिस्सा घेतला. ज्या पारदर्शक बिअरने पांढऱ्या बिअरला एकेकाळी बाजारातून हुसकावले होते, तिच्याच उत्पादकाच्या आधाराने आता ती उभी राहिली, हा इतिहासातील विरोधाभास होय. आर्त्वाचे लवकरच दुसऱ्या मोठ्या कंपनीशी एकत्रीकरण होऊन 'इंटरब्र्यू' हा समूह निर्माण झाला. सेलिस यांनी १९९० च्या सुमारास आपला उर्वरित हिस्सा विकला व ते अमेरिकेत गेले.

टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे त्यांनी १९९२ मध्ये नवी भट्टी सुरू केली. तेथील चुनखडीयुक्त पाणी त्यांना आपल्या गावच्या पाण्यासारखे वाटले. 'सेलिस व्हाइट' हे पेय अमेरिकेत लोकप्रिय झाले. मात्र १९९५ मध्ये मिलर या मोठ्या कंपनीने या भट्टीतही बहुसंख्य हिस्सा मिळविला आणि काही वर्षांतच ती बंद करण्यात आली. एकाच माणसाने दोन देशांत एकच पेय दोनदा उभे केले आणि दोन्ही वेळा ते त्याच्या हातून गेले. इतकेच नव्हे, तर अमेरिकेत त्याच्या स्वतःच्या आडनावाचा व्यापारी हक्कही परक्याकडे गेला. हे नाव पुढे २०१२ मध्ये त्यांच्या कन्येने परत मिळविले आणि २०१७ मध्ये ऑस्टिनमध्ये पुन्हा त्या नावाची भट्टी सुरू केली. ते पाहण्यास सेलिस हयात नव्हते.

दरम्यान अमेरिकेत १९९५ मध्येच 'ब्लू मून' आणि 'अलागाश व्हाइट' या दोन पेयांचा प्रारंभ झाला होता व बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर हा एक जागतिक प्रकार बनला होता. पेल्याच्या कडेला संत्र्याची फोड लावण्याची चाल 'ब्लू मून'ने रूढ केली. हूगार्डनच्या जुन्या परंपरेशी तिचा संबंध नाही.

हूगार्डन गावाची कसोटी अद्याप बाकी होती. इंटरब्र्यूचे २००४ मध्ये ब्राझीलमधील कंपनीशी एकत्रीकरण होऊन 'इनबेव्ह' निर्माण झाली. या कंपनीने २००५ च्या अखेरीस गावातील कारखाना बंद करून उत्पादन लिएजजवळच्या ज्युपिल येथे हलविण्याचे जाहीर केले. कामगार आणि ग्रामस्थ यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. गावाचे नाव बाटलीवर आणि बाटली मात्र गावाबाहेरची, ही कल्पना त्यांना अमान्य होती. २००७ मध्ये कंपनीने हा निर्णय मागे घेतला आणि बिअर गावातच राहिली. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियममधील बिअर संस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. वारसा हा केवळ पाककृतीत नसतो, तो माणसे व ठिकाणे यांच्या नात्यात असतो, हे हूगार्डनच्या ग्रामस्थांनी त्याआधीच दाखवून दिले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

९. आजची कृती आणि आस्वाद

आजच्या प्रचलित कृतीत साधारणपणे निम्मे जवाचे फिकट माल्ट, ४० ते ४५ टक्के कच्चा गहू आणि ५ ते १० टक्के ओट असे प्रमाण ठेवतात. भरडलेले धान्य प्रथम सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, नंतर ६२ ते ६५ व शेवटी ७२ अंशांच्या आसपास ठेवतात. पहिल्या टप्प्यात प्रथिने काही अंशी विघटित होतात, तर पुढील दोन टप्प्यांत पिष्टाची साखर होते. गाळलेला द्रव तासभर किंवा थोडा अधिक वेळ उकळतात. हॉप्स अल्प प्रमाणात घालतात, कारण कडवटपणा हे या पेयाचे लक्षण नाही. उकळी संपण्यापूर्वी अखेरच्या पाच-दहा मिनिटांत ताजे भरडलेले धणे आणि संत्र्याची साल घालतात. २० लिटरमागे १५ ते २० ग्रॅम धणे पुरेसे होतात. मसाले लवकर घातल्यास सुगंध वाफेबरोबर निघून जातो; फोडणीत कोथिंबीर शेवटी का घालतात, हे जाणणाऱ्यास यामागील कारण निराळे सांगावे लागत नाही.

द्रव थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. १८ ते २४ अंश तापमानात किण्वन होते. या यीस्टची विशेषता अशी की, धान्यातील फेरुलिक आम्लापासून ते लवंगेची आठवण करून देणारा गंध निर्माण करते. म्हणून लवंग न घालताही तिचा भास होतो. बाटलीत भरताना थोडी साखर व यीस्ट ठेवून दुसरे किण्वन घडवून आणतात, त्यामुळे पेय फसफसणारे होते. मद्यांश पाच टक्क्यांच्या आसपास राहतो.

आस्वादाच्या दृष्टीने चार गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, गढूळपणा : तो धुक्यासारखा एकसंध असावा, त्यात तुकडे तरंगू नयेत. दुसरी, गंध : धणे, संत्रे आणि लवंग यांपैकी कोणताही एक गंध इतरांना दडपणारा नसावा. धणे जास्त किंवा जुने असल्यास पेयाला साबणासारखा वास येतो. तिसरी, स्पर्श : ओट व गहू यांमुळे ते जिभेवर मऊ लागले पाहिजे, पण जड लागू नये. चौथी, शेवट : किंचित आंबूस आणि कोरडा असावा. ओतताना बाटलीतील दोन-तृतीयांश भाग पेल्यात घेऊन उरलेला भाग हलकेच घुसळतात आणि तळाचा साका शेवटी ओततात. जाड काचेचा षट्कोनी पेला ही हूगार्डनची ओळख आहे.

१०. भारतीय संदर्भ

या पेयाचा भारताशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला धण्यांचा. भारतात पिकणारे धणे मोठे व लांबट असतात, तर युरोपात पिकणारे लहान व गोल असतात. लहान धण्यांत सुगंधी तेल अधिक असते; तरीही भारतीय धण्यांचा लिंबू-संत्र्याकडे झुकणारा सौम्य गंध अनेक पाश्चात्त्य बिअरकारांना अधिक पसंत पडतो. दुसरा संबंध अलीकडचा आहे. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली व त्यानंतर राज्यातील मोठ्या शहरांत अशी केंद्रे वाढली. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या 'बिरा ९१' या भारतीय नाममुद्रेची गव्हाची बिअर आरंभी बेल्जियममध्ये तयार होऊन येत असे. मात्र महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील घरगुती निर्मितीचा छंद येथे कायद्याने अनुज्ञेय नाही, याची नोंद घ्यावी लागते.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) हूगार्डनमधील पांढऱ्या बिअरची भरभराट ही केवळ सुपीक जमिनीमुळे झाली नसून ब्राबांटमधील लिएजचे बेट या राजकीय स्थानाचा व करसवलतीचा तीत मोठा वाटा होता.

२) १८२२ च्या करपद्धतीने निर्मितीच्या तंत्रावर परिणाम केला. पेयाच्या इतिहासात महसुली कागदपत्रे ही पाककृतीइतकीच महत्त्वाची साधने आहेत.

३) या पेयातील सर्व मसाले डच जहाजांनी आणले ही समजूत धण्यांच्या बाबतीत ग्राह्य धरता येत नाही.

४) १९५० च्या दशकात ही परंपरा खंडित झाली होती. आजचे पेय हे १९६६ मध्ये एका व्यक्तीने स्मृतीच्या आधारे केलेल्या पुनर्रचनेचे फलित आहे.

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातून 'परंपरेची निर्मिती' ही संकल्पना मांडली. प्राचीन म्हणून मिरविल्या जाणाऱ्या अनेक प्रथा प्रत्यक्षात अलीकडच्या असतात, हे तिचे सार. हूगार्डनचे उदाहरण या चौकटीत पूर्णपणे बसत नाही. सेलिस यांनी काही नव्याने रचले हे खरे, पण ज्याने ती भट्टी पाहिली होती, तिथे काम केले होते, असा माणूस ते करीत होता. त्याच्या हाताला आणि जिभेला भूतकाळाचा प्रत्यक्ष स्पर्श झालेला होता. आणखी वीस-तीस वर्षे गेली असती, तर जुन्या भट्टीत काम केलेले कोणीही उरले नसते आणि लाकाम्ब्रच्या ग्रंथावरून केलेली बिअर ही केवळ ग्रंथातली बिअर ठरली असती.

वेष्टनावरील '१४४५' हे वर्ष म्हणूनच अर्धसत्य आहे. त्याच्या शेजारी '१९६६' हे वर्षही छापले गेले असते, तर ते अधिक प्रामाणिक झाले असते. आणि गावाच्या दृष्टीने ते अधिक अभिमानाचेही ठरले असते. शतकानुशतके चालत आलेली गोष्ट पुढे चालविणे सोपे नसतेच. परंतु थांबलेली गोष्ट गोठ्यातून पुन्हा सुरू करण्यास निराळे धैर्य लागते. ज्या कारागिरीची माहिती आज केवळ काही वृद्धांच्या स्मरणात उरली आहे, तिची नोंद वेळीच करून ठेवणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे, एवढा बोध या दूरच्या गावाच्या इतिहासातून आपणांस निश्चितच घेता येईल.